शनिवारी तो क्रँक न्यायला येईल तेव्हा

ताई, सप्रेम नमस्कार.

कराडजवळ माझं इंजिनच्या कामाचं मशीनशॉप आहे. बोअरिंग, होनिंग (सिलिंडर आतून मोठा करून गुळगुळीत करणं), क्रँक ग्राइंडिंग (इंजिनचा मुख्य फिरता दांडा, म्हणजे क्रँक, घासणं), हेड फेसिंग (सिलिंडरवरचं हेड सपाट करणं) आणि दोन लेथ. चौदा वर्षं झाली. हाताखाली एक कारागीर आणि एक पोरगा. कामाला तोटा नाही. महिन्याला ९० हजारांची मजुरी होते, पण हातात ६५ च्या वर येत नाहीत. वहीत ३ लाख ८५ हजार येणं आहे. क्रँक ग्राइंडरसाठी सरकारी बँकेचं कर्ज काढलं, त्याचा २१ हजारांचा हप्ता आहे. दोन हप्ते थकलेत, पहिल्याला ५२ दिवस झाले. आठ महिन्यांपूर्वी एकाकडून एक लाख घेतले, शेकडा पाचने. घर बायकोच्या शिवणकामावर आणि दोन म्हशींवर चाललंय. मेहुणे म्हणतात, मशिनी विका आणि कुठंतरी नोकरी धरा. मला वाटतं, वडिलांची १८ गुंठे जमीन विकून नवी बोअरिंग मशीन घ्यावी, म्हणजे काम झपाट्यानं होईल.

आत्ता एका ऊस वाहतूकदाराचा सहा सिलिंडरचा क्रँक तयार पडलाय. मजुरी ४,२०० रुपये. त्याच्याकडे मागचे ३८ हजार आहेत. शनिवारी नेतो म्हणालाय. नाही दिला तर गिऱ्हाईक तुटतं, दिला तर हेही वहीत जातात. खर्चाचा आणि कामांच्या तपशिलाचा कागद सोबत जोडलाय. काय करू?

— एक मशीनशॉपवाला

भाऊ,

तुमचं पत्र वाचलं आणि मला आमच्या घरातली पत्र्याची ट्रंक आठवली. माझ्या वडिलांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुमच्यासारखंच दुकान होतं. ते गेल्यावर ट्रंकेत तीन लाल वह्या निघाल्या, पानापानावर तेलकट अंगठ्याचे ठसे. एका ट्रॅक्टरवाल्याच्या नावापुढे त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘क्रँक, वीस साइज, दसरा.’ कोणत्या सालचा दसरा, ते लिहिलं नव्हतं. माणूस उत्तम कारागीर होता. लांबून लोक क्रँक घेऊन यायचे. आणि दुकान मिटवताना मशिनीवरचं कर्ज फेडायला आईच्या पाटल्या गेल्या. म्हणून हे उत्तर जरा लांब होईल, राग मानू नका.

आधी तुमचाच कागद तुम्हाला वाचून दाखवते. भाडं ९ हजार, लाइट बिल साडेसात, कारागीर १८, पोरगा ११, बँकेचा हप्ता २१, ग्राइंडिंग व्हील, होनिंगचे दगड, कूलंट, टूल बिट मिळून ६, फोन, हिशेबनीस, चहापाणी साडेचार. झाले ७७ हजार. खासगी व्याजाचे ५ हजार तुम्ही कागदात धरलेच नाहीत, ते धरले की ८२. हातात येतात ६५. म्हणजे दर महिन्याला १७ हजारांचं भगदाड. आठ महिन्यांचे किती? १ लाख ३६ हजार. उसने घेतलेले लाख आणि थकलेल्या दोन हप्त्यांचे ४२ हजार मिळवा, जवळजवळ तेवढेच होतात. पैसा कुठं गेला हे तुम्हाला कळत नव्हतं ना? इथं गेला. कुणी फसवलं नाही, नशीबही फुटलं नाही.

त्या कागदावर आणखी एक गोष्ट नाही, आणि तिनं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. तुमचा स्वतःचा पगार. चौदा वर्षांच्या अनुभवाचा माणूस दिवसभर क्रँक ग्राइंडरपुढे उभा राहतो आणि त्याची मजुरी शून्य. तुमच्या दुकानाला आज खरं भांडवल पुरवतायत त्या वहिनी, शिलाई मशीनवर आणि गोठ्यात राबून. हे त्यांना मोकळेपणानं सांगा. त्यांना माहीत आहेच, पण तुमच्या तोंडून ऐकायला हवं.

आता दर. तुमचा पगार २५ हजार धरा, मशिनींच्या मोठ्या दुरुस्तीसाठी ५ हजार बाजूला टाका. खासगी व्याज मिटवायचंच आहे, ते सोडून एकूण खर्च १ लाख ७ हजार. तुम्ही आणि कारागीर दोघं मशीनवर. आठ तासांत धुणं, सेटिंग, गिऱ्हाइकाशी बोलणं, स्पेअरच्या दुकानातली फेरी वजा जाता माणशी पाच तास खरं काम झालं तरी पुष्कळ. २६ दिवसांचे २६० तास. भागाकार करा: तासाला सुमारे ४१२ रुपये. ही तुमची धारण, म्हणजे तासाचा खरा खर्च. याच्या खाली घेतलेला प्रत्येक जॉब म्हणजे तुम्ही गिऱ्हाइकाला खिशातून पैसे दिलेत.

चार सिलिंडरचा ब्लॉक बोअर-होन करायला, पिस्टन जुळवण्यासकट, तुम्हाला पाच तास लागतात असं तुम्हीच लिहिलंय, आणि घेता १,४०० रुपये. तासाला २८०. मोटारसायकलचा बोअर ‘किरकोळ काम’ म्हणून तुम्ही नाक मुरडलंय, तो मात्र पाऊण तासात होतो आणि ३०० रुपये रोख देतो. तासाला ४००. पाहिलंत? ज्या कामाचा अभिमान आहे ते तोट्यात आणि ज्याची लाज वाटते ते जवळजवळ धारणेला.

म्हणूनच जमीन विकून नवी बोअरिंग मशीन घ्यायला माझा साफ विरोध आहे. तोट्याचं काम झपाट्यानं उरकलं तर तोटाही झपाट्यानंच होतो. शिवाय बोअरिंगचं काम वाढणारं नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. नव्या बऱ्याच मोटारसायकलींच्या अॅल्युमिनियम सिलिंडरला आतून कठीण लेप असतो, तो साध्या बोअरिंगनं ओव्हरसाइज करता येत नाही, लोक सरळ नवा ब्लॉक-किट टाकतात. ट्रॅक्टरच्या कितीतरी इंजिनांत वेट लायनर, म्हणजे सिलिंडरची सुटी नळी, असतो, तो बोअर करत नाहीत, बदलतात. पण क्रँक घासायला येणारच, कनेक्टिंग रॉड येणार, आणि हेड तर येणारच येणार. तुमच्या भागात ऊसतोडणीच्या हंगामात पाचटाचा भुसा रेडिएटरच्या जाळीत बसतो, इंजिन तापतं, हेड वाकतं. अशी हेडं आत्ता तुमच्याकडे फेसिंगला येतात आणि व्हॉल्व सीट, गाइडसाठी दुसरीकडे जातात, असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. तिथं थांबा. पुढेमागे पैसे घालायचेच झाले तर सीट कटिंगच्या चांगल्या सेटवर घाला, तोही जमीन न विकता, वर्षभराच्या शिलकीतून.

दर वाढवा म्हटलं की तुम्ही म्हणाल, पलीकडचा १,२०० मध्ये करतो. करू दे. ब्लॉकचे दर एकदम २,०६० करू नका, पण दोन टप्प्यांत न्या, आणि सुरुवात क्रँक आणि हेडपासून करा, कारण आसपास क्रँक ग्राइंडर तुमचाच आहे. दर पाटीवर लिहून दारात लावा. वडिलांच्या आजारपणात आई दुकानात बसायला लागली तेव्हा तिनं पहिलं काम हेच केलं. काळ्या पाटीवर खडूनं दर लिहिले. वडिलांना तोंडानं नाही म्हणता येत नसे, पाटीला येत असे. दोन गॅरेजवाले रुसले, त्यातला एक तीन आठवड्यांनी परत आला.

वाढीव दराबरोबर गिऱ्हाइकाच्या हातात काहीतरी द्या. मापांची चिठ्ठी द्या. प्रत्येक जॉबला तारेनं बिल्ला बांधा, येतानाची मापं लिहा, जातानाची लिहा: कुठल्या सिलिंडरचा बोअर किती, जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) किती, कोणता साइज केला, पिस्टनला किती गॅप ठेवला. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. इंजिन पुन्हा धरलं, म्हणजे जाम झालं, की मेकॅनिक सगळं खापर मशीनशॉपवर फोडतो. ऑइलची भोकं नीट धुतली नसतील, नवं इंजिन पहिल्याच दिवशी भरल्या ट्रॉलीला जुंपलं असेल, तरी दोष तुमच्या बोअरचा. मग तो जॉब तुम्ही फुकट पुन्हा करता. गेल्या वर्षी असे किती फुकट केले, आठवून मोजा. चिठ्ठी असली की निम्मी भांडणं उंबऱ्यातच मिटतात.

आता उधारी. तुमच्या ३ लाख ८५ हजारांत नुसती मजुरी नाही. पिस्टन, बेअरिंग, लायनरही तुम्ही स्वतःच्या पैशानं आणून दिलेत. हे आजपासून बंद. स्पेअरवाल्याला तुम्ही रोख मोजता आणि गिऱ्हाइकाला उधार देता, म्हणजे कमिशनच्या चार पैशांसाठी बिनव्याजी सावकारी करता, तीही शेकडा पाचनं आणलेल्या पैशावर. किट गिऱ्हाइकानं आणावं, किंवा किटचे पूर्ण पैसे आधी द्यावेत. मजुरीची एखाद वेळ सवलत द्या, किटची कुणालाही नको, सख्ख्या भावालाही नको.

जुनी येणी एका बैठकीत वेगळी करा, आणि त्या बैठकीला वहिनींना बसवा. तीन वर्षांच्या आतली एकीकडे, त्यापलीकडची दुसरीकडे. पैसे वसुलीचा दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. त्या मुदतीत देणेकऱ्यानं बाकी कबूल करून सही दिली तर मुदत सहीच्या तारखेपासून नव्यानं सुरू होते. म्हणून आज पैसे नसतील त्याच्याकडून निदान सही घ्या: ‘अमुक तारखेअखेर बाकी इतके रुपये मान्य.’ पुष्कळ लोक सही करताना निम्मे देऊन टाकतात. मागायला कधी जायचं हेही ठरवून घ्या. ऊस वाहतूकदाराकडे हंगामाआधी कारखान्याची उचल येते, बागायतदाराकडे उसाचं बिल जमा होतं तेव्हा पैसा असतो, गॅरेजवाल्याकडे शनिवारी संध्याकाळी. पोळ्याला मागून काय उपयोग? आणि फोन वहिनींनी करावा. ‘मिस्त्रींनी नाही, घरातून फोन आलाय’ म्हटल्यावर माणसं वेगळी बोलतात, हे मी आईच्या शेजारी बसून ऐकलंय.

एक मात्र धरून चाला: त्यातले निम्मे आले तरी पदरात पाडून घ्या, उरलेल्यावर भिस्त ठेवून कुठलाही शब्द कुणाला देऊ नका.

ज्यांचे हिशेब लिहिले जातात अशा गिऱ्हाइकांसाठी, म्हणजे कंत्राटदार, वाहतूक कंपन्या, कारखाने यांच्यासाठी, तुमच्या हातात कायदा आहे. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आहे का, ते पत्रात नाही. नसेल तर आजच करा, ऑनलाइन होते, फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नका. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार तुमचं बिल लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. नाही दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं, आणि सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरात अशी तरतूद आली, की सूक्ष्म-लघु उद्योगाचं मुदतीबाहेर गेलेलं बिल वर्षअखेरीस थकीत असेल, तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षीच धरता येतो. त्यांच्या हिशेबनीसाला हे पक्कं ठाऊक असतं. बिलावर उद्यम क्रमांक छापा, एवढ्यानंही काही चेक लवकर निघतात. नोंदणीच्या आधीच्या कामांना मात्र या कायद्याचा आधार धरू नका. आणि चौकातल्या गॅरेजवाल्याला कलमं दाखवायला जाऊ नका, तिथं सही आणि शनिवारच बरा.

आता सगळ्यात घाईचं. बँक. पहिल्या थकीत हप्त्याला ५२ दिवस झालेत, ९० दिवस उलटले की खातं एनपीएत, म्हणजे थकीत-बुडीत कर्जांत, जातं. पत्र पोस्टात पडल्यापासूनचे दिवसही त्यात धरा. या आठवड्यात शाखा व्यवस्थापकाला भेटा. तुम्ही लिहिलंय, ‘तोंड दाखवायची लाज वाटते, फोन उचलत नाही.’ मी बारा वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढलीत, तिथलं सांगते. टेबलापलीकडे बसणाऱ्याला थकलेल्या माणसाची नाही, नाहीशा झालेल्या माणसाची भीती वाटते. अडचणीतल्या छोट्या उद्योगांसाठी २०१५ मध्ये केंद्र सरकारनं पुनरुज्जीवनाची चौकट घालून दिली आहे, आणि बुडायच्या आधी उद्योजक स्वतः होऊन त्यासाठी अर्ज करू शकतो. दहा लाखांच्या आतल्या खात्याचा विचार शाखेच्याच पातळीवर होऊ शकतो. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. सोबत मी वर मांडलाय तो हिशेब, नवे दर आणि तीन महिन्यांत काय करणार ते एका पानावर न्या. हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा. मुदत वाढली की एकूण व्याज जास्त जातं हे खरं, पण आत्ता श्वास महत्त्वाचा. एखादा हप्ता सोबत भरता आला तर बोलणं खूप सोपं होईल.

खासगी लाख रुपये आधी मिटवा. शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के, आठ महिन्यांत तुम्ही ४० हजार व्याज दिलंत आणि मुद्दल जागच्या जागी. दागिने तारण ठेवू नयेत असं मला मनापासून वाटतं, आईच्या पाटल्या मी विसरलेले नाही. पण इथं, एवढ्या एकाच कारणासाठी, वहिनी स्वखुशीनं तयार असतील तर बँकेत सोनेतारण करा आणि ते लाख त्याच दिवशी, पावती घेऊन, फेडून टाका. सोनेतारणाचं व्याज त्याच्या मानानं कितीतरी कमी असतं. महिन्याचे चार हजार तरी वाचतील, तेच तारण सोडवायला लावा. त्या माणसानं कोरा चेक किंवा सही केलेला स्टँप घेतला असेल तर फेडतानाच परत मागा. देत नसेल, धमकावत असेल, तर महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे, परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही, आणि तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात करता येते.

लाइट बिलाचंही थोडं बघा. तुमचा मंजूर भार ३० अश्वशक्ती दिसतो, म्हणजे २२ किलोवॅटच्या वर. महावितरणच्या औद्योगिक दरात २० किलोवॅटच्या खालचा आणि वरचा स्थिर आकार वेगळ्या पद्धतीनं लागतो. एका वेळी तुमच्या दोनच मशिनी चालतात. वायरमनला मीटरवरची कमाल मागणी बघायला सांगा, भार कमी करून घेता येईल का ते विचारा, कपॅसिटर चालू आहेत की नुसते भिंतीवर लटकलेत तेही बघा.

मेहुण्यांवर चिडू नका. नोकरी धरणं हा पराभव नाही. पण आज मशिनी विकल्यात तर अडलेल्याच्या भावात जातील. तीन महिने द्या. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी दुकानातून, उधारी न धरता, प्रत्यक्ष हातात ९० हजार आले आणि त्यातून तुम्ही स्वतःला निदान १२ हजार पगार दिलात, तर दुकान चालवा. ७७ च्या खालीच घुटमळत असेल तर सावकाश, चांगलं गिऱ्हाईक बघून ब्लॉक बोअरिंगची मशीन आधी विका, क्रँक ग्राइंडर शेवटपर्यंत ठेवा. अधेमधे असेल तर मला पुन्हा लिहा, आकड्यांसकट.

आणि शनिवार. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७०: ज्या वस्तूवर तुम्ही कारागिरी केलीत, ती त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत अडवून ठेवायचा तुम्हाला हक्क आहे, आधी उधारीचं ठरलेलं नसेल तर. हा हक्क या कामाच्या ४,२०० पुरता आहे, मागच्या ३८ हजारांसाठी हा क्रँक अडवता येणार नाही, आणि विकता तर मुळीच येणार नाही. पण क्रँक एकदा त्याच्या गाडीत चढला की हक्क संपला. त्याचं वाहन उभं आहे, रोजचं भाडं बुडतंय. घाई तुम्हाला नाही, त्याला आहे.

तो आला की चहा द्या. मापांची चिठ्ठी हातात द्या. म्हणा, ‘मालक, क्रँक तयार आहे. आजचे ४,२०० झाले की पोरगा गाडीत ठेवतो. मागच्या ३८ चं आपण महिन्याला पाच हजार ठरवू, इथं बाकीवर सही करा.’ तो ‘एवढा विश्वास नाही का’ म्हणेल. तुम्ही म्हणा, ‘विश्वास आहे, म्हणून तर ३८ हजार वहीत आहेत.’ आणि गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड जाईल, पण बसा. यूपीआयचा कोड टेबलावर समोर ठेवा.

तोवर क्रँकला तेल लावून, कापडात गुंडाळून, उभा ठेवा. तो आडवा टाकू नये हे तुम्हाला सांगायला नको. पण दारात ठेवू नका, आतल्या खोलीत ठेवा.

तुमची ताई